साडेतीनशे वर्षं एकाच घराण्याकडे: लेस्सोनाच्या सेल्लांची द्राक्षमळी

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा आहे. त्यांच्याकडे आजोबांपासूनची बाग आहे, मुलगा कृषी पदवीधर आहे आणि त्याच्या डोक्यात वाईनरी काढायचं आहे. ते विचारतात: "इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी तीन-तीनशे वर्षं एकाच घराण्याकडे असलेल्या वाईन इस्टेट आहेत म्हणे. त्या टिकतात कशा? बागेत ते नेमकं काय वेगळं करतात? आमच्यासारख्यांना त्यातून घेण्यासारखं काही आहे का?"

मी वाईन बनवण्याच्या कामात आहे. नाशिककडच्या बागा माझ्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत आणि इटलीच्या वायव्येतल्या पिएमोन्ते प्रदेशाच्या उत्तर भागात कापणीच्या हंगामात मी राबलोही आहे. म्हणून सगळ्या इटलीबद्दल न बोलता एकाच घराण्याबद्दल सांगतो: बिएल्ला शहराजवळच्या लेस्सोना गावचे सेल्ला. १६७१ साली कोमिनो सेल्ला यांनी इथे पहिली द्राक्षमळी विकत घेतली. ती आजही 'तेनुते सेल्ला' या नावाने चालू आहे.

टिकतात कशा, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. ही मळी टिकली ती वाईनच्या पैशावर नाही. सेल्लांचं पोट लोकरीवर होतं, पुढे बँकेवर. द्राक्षाला घर चालवायची सक्ती कधीच नव्हती, म्हणून द्राक्षाची वाईट वर्षं घराला झेपली. आजूबाजूचे हजारो शेतकरी द्राक्षावरच जगत होते, आणि त्यांच्या मळ्यांत आज जंगल आहे.

आता जमिनीपासून सुरुवात करू, कारण लोकर आणि वाईन या दोन्हींचं मूळ एकाच दगडात आहे.

बिएल्ला आल्प्सच्या अगदी कुशीत आहे. उत्तरेला मोन्ते रोसाचा डोंगरसमूह, सर्वात उंच शिखर ४,६३४ मीटर, आणि दक्षिणेला नजर जाईल तिथपर्यंत व्हेरचेल्लीची सपाट भातशेती. मधल्या टेकड्यांच्या पट्ट्यात द्राक्ष. लेस्सोना बिएल्लाच्या पूर्वेला, साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर. म्हणजे उंचीने तुमच्या दिंडोरीपेक्षा खालीच, पण अक्षांश ४५ अंशांच्या वर. डोंगरातून येणारे ओढे ग्रॅनाइटसारख्या कठीण, आम्लधर्मी खडकावरून वाहतात. त्यात चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे पाणी कमालीचं मऊ. असं पाणी लोकर धुवायला आणि रंगवायला उत्तम, आणि म्हणून बिएल्ला हे लोकरी कापडाचं शहर झालं. महागड्या सुटांच्या कापडावर दिसणारी झेन्या, चेर्रुती ही नावं इथलीच. खडकात चुना नाही तर मातीतही नाही, आणि मातीत चुना नसल्यावर वेलीचं वागणं पार बदलतं.

लेस्सोनाची माती म्हणजे खरं तर माती नव्हेच, वाळू. पन्नास लाख ते पंचवीस लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाची. फावड्याने वीतभर खणलं की पिवळसर-नारिंगी, काही ठिकाणी गंजाच्या रंगाची वाळू लागते. मुठीत दाबली तर गोळा होतो, मूठ उघडली की लगेच फुटतो. बोटांना चिकटत नाही, नखात काळं राहत नाही. सामू (पीएच) पाचच्या आसपास, काही तुकड्यांत त्याहून खाली. तुमच्याकडे सामू आठला टेकलेला, चुनखडीमुळे पानं पिवळी पडतात आणि तुम्ही लोहाच्या फवारण्या करता. तिथलं दुखणं बरोबर उलटं: स्फुरद मातीत अडकून बसतं, वेल जोर धरत नाही, उत्पादन कमी. पण वाईनच्या द्राक्षाला एवढी उपासमार मानवते. एकरी तीन टनांच्या आसपास माल निघाला तरी तिथे कोणी कपाळाला हात लावत नाही. निर्यातीच्या मालाची सवय असलेल्या माणसाला तो आकडा पचत नाही, हे मला माहीत आहे.

लेस्सोनापासून थोडं पूर्वेला सरकलं की वाळू संपते आणि लालसर-तपकिरी, कडक, टोकदार दगड सुरू होतो. हा पट्टा ब्रामातेर्राचा, आणि तिथेही सेल्लांच्या मळ्या आहेत. हा दगड ज्वालामुखीचा. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी सेझिया खोऱ्यात एक महाज्वालामुखी फुटला होता. पुढे आल्प्स उभे राहताना जमिनीचा तो भाग असा उलथला, की ज्वालामुखीच्या पोटातला पंचवीस किलोमीटर खोलपर्यंतचा खडक आज उघड्यावर पाहायला मिळतो. तो सगळा भाग २०१३ पासून आंतरराष्ट्रीय भू-उद्यानांच्या यादीत आहे. आपला बेसाल्टही ज्वालामुखीचाच, पण जात वेगळी: बेसाल्टमधून काळी, चिकण, चुनखडीची जमीन होते, इथल्या या दगडातून, म्हणजे पोर्फिरीतून, हलकी आणि आंबट. 'ज्वालामुखीची माती' एवढंच लेबलवर वाचून काही अंदाज बांधू नका.

आता घराणं. सेल्ला मूळचे मोस्सोच्या डोंगराळ खोऱ्यातले, सोळाव्या शतकापासून लोकरीच्या धंद्यात. लेस्सोनात मळी घेतली तेव्हा ते कापडाचे व्यापारी होते आणि पैसेवाल्या कापडव्यापाऱ्याने टेकडीवर द्राक्षमळी घेणं ही तेव्हाची रीत होती. घरची वाईन, पाहुण्यांना वाईन, थोडी विक्री. १८१७ च्या सुमारास पिएत्रो सेल्लाने बेल्जियमहून सूतकताईची यंत्रं आणून या खोऱ्यात बसवली. इटलीतल्या यांत्रिक लोकर उद्योगाची सुरुवात तिथून धरतात. १८३५ मध्ये बिएल्लात चेर्वो नदीकाठी घराण्याची गिरणी आली.

याच घरात १८२७ मध्ये क्विंतीनो सेल्ला जन्मला. माणूस पाहण्यासारखा: शिक्षणाने खाण अभियंता, आवडीने स्फटिकशास्त्रज्ञ, आणि नव्या इटलीचा तीन वेळा अर्थमंत्री. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका खनिजाला त्याच्यावरून 'सेल्लाइट' नाव आहे. धान्य दळण्यावरच्या कराशी त्याचं नाव जोडलं गेलं, त्यामुळे गरीब शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडत. १८६३ च्या ऑगस्टमध्ये तो मोनविझो शिखर चढून आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तोरिनोत इटालियन आल्पाइन क्लबची स्थापना झाली, त्यामागेही तोच. १८७० मध्ये रोम इटलीत सामील झालं तेव्हा त्याने आनंदाचा प्याला फ्रेंच शॅम्पेनचा न उचलता लेस्सोनाचा उचलला, असं त्या भागात सांगतात. कागदोपत्री पुरावा मी पाहिलेला नाही, पण गोष्ट इतकी सोयीची आहे की लेस्सोनाचं नाव निघालं की ती निघतेच. मेल्यावर त्याला ओरोपाच्या देवस्थानाजवळच्या दफनभूमीत पिरॅमिडच्या आकाराच्या थडग्यात ठेवलं. १८८६ मध्ये, त्याच्या निधनानंतर दोन वर्षांनी, घराण्याने बँक काढली. ती आजही आहे, आजही बिएल्लात आहे.

या घरातलं एक माणूस आपल्याकडेही येऊन गेलं. क्विंतीनोचा पुतण्या वित्तोरिओ सेल्ला हा पर्वतांचा छायाचित्रकार. १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर त्याने दार्जिलिंगहून निघून कांचनजंगेला पूर्ण फेरी घातली. वाटेत सिक्कीममधल्या सिनिओलचू शिखराचे त्याने काढलेले फोटो गिर्यारोहकांना आजही माहीत असतात. दहा वर्षांनी तो के-टूच्या पायथ्याशीही होता. याचा वाईनशी काय संबंध, असं विचाराल. थेट काहीच नाही. पण हे घर कुठल्या ऐपतीचं होतं, हे यावरून कळतं.

गंमत पुढेच आहे. त्याच १८९९ मध्ये क्विंतीनोचाच आणखी एक पुतण्या, अभियंता एर्मिनिओ सेल्ला, आणि एदगार्दो मोस्का नावाचा वकील यांनी सार्डिनिया बेटावर आल्गेरोजवळ ओसाड झुडपी जमीन घेतली. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपभर वेली मरत होत्या, अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या रोपांना तुफान मागणी होती, म्हणून आधी रोपवाटिका काढली. पुढे वाईन. हेच 'सेल्ला आणि मोस्का'. वाढत वाढत ते साडेपाचशे हेक्टरांच्या घरात गेलं, युरोपातल्या मोठ्या सलग मळ्यांत मोजलं जाऊ लागलं. धंदा म्हणून काढलं, धंद्यासारखं चालवलं. आणि शेवटी धंद्यासारखंच विकलंही गेलं: २००२ मध्ये काम्पारीने घेतलं, २०१६ च्या अखेरीस तिथून तेर्रा मोरेत्ती समूहाकडे गेलं. नावात सेल्ला राहिले, बाकी सगळं परक्यांचं. लेस्सोनाची ती लहानशी मळी मात्र घराबाहेर गेली नाही. ती विकून फार काही हाती लागलं नसतं, आणि ठेवून फार काही बुडत नव्हतं.

आता दुसरी बाजू, जी या घराण्यांच्या माहितीपत्रकांत फार नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिएल्ला, व्हेरचेल्ली आणि नोव्हाराच्या या टेकड्यांवर सुमारे ४०,००० हेक्टर द्राक्ष होतं, असा आकडा तिथे सगळे देतात. दक्षिण पिएमोन्तेतल्या बारोलो वाईनचं नाव नंतर मोठं झालं, त्या काळी नेब्बिओलो या लाल वाईनच्या द्राक्षाचं नाव काढलं की हा उत्तरेचा भागही तितकाच नावाजलेला होता. आज इथल्या दर्जेदार वाईनचं क्षेत्र हजार हेक्टरांच्याही आत आहे. आधी केवडा हा बुरशीचा रोग आला, मग फिलॉक्सेरा. १९०५ च्या गारपिटीचं नाव अजून काढतात. मग दोन महायुद्धं, आणि अर्जेंटिनाकडे गेलेली माणसं. पण रोगाने आणि गारांनी बाग मेली तरी माणूस पुन्हा लावतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे पुन्हा लावली नाही, कारण खाली खोऱ्यात गिरणीचा भोंगा वाजत होता. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर छप्पर, गारांची भीती नाही. कोण टेकडीवर पाठीवरून खत वाहील?

म्हणजे ज्या गिरण्यांनी सेल्लांची मळी तारली, त्याच गिरण्यांनी शेजाऱ्यांच्या मळ्या ओस पाडल्या. कोणी वाईट हेतूने काही केलं असं नाही. पण घराण्याच्या चिकाटीच्या कथा ऐकताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. लेस्सोनाला १९७६ मध्ये नियंत्रित नामांकन (ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच गावाचं नाव लावायचा हक्क) मिळालं तेव्हा ते नाव लावणारी वाईन मुख्यतः याच घराची होती. बाकीच्यांकडे मळ्याच उरल्या नव्हत्या.

बागेत काय वेगळं, याकडे येतो. तुमच्या कामाचा भाग हाच.

मुख्य वाण नेब्बिओलो, तिकडच्या बोलीत स्पान्ना. लेस्सोनाच्या नियमात तो किमान ८५ टक्के हवा, बाकी वेस्पोलीना आणि उवा रारा हे वाण. नेब्बिओलोची पहिली अडचण ही की काडीच्या बुडाकडचे डोळे घड देत नाहीत. दोन डोळ्यांवर छाटली की नुसता पाला येतो. म्हणून दरवर्षी एक लांब काडी आठ-दहा डोळ्यांवर राखायची, खालच्या तारेवर आडवी वाकवून बांधायची, आणि शेजारी दोन डोळ्यांचा एक आखूड खुंटारा पुढच्या वर्षीच्या काडीसाठी ठेवायचा. तुम्ही थॉम्पसनला सबकेन (शेंडा मारून बगलफुटीची काडी घेणं) का करता, याचं कारणही घडांचे डोळे कुठे बसतात हेच. त्यामुळे नाशिकचा चांगला छाटणीवाला तिथे दोन दिवसांत तयार होईल, हे मी खात्रीने सांगतो.

फरक आहे तो वर्षाचा. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून आपण तिला वळण लावतो. तिथे हिवाळाच छाटणीवाला. नोव्हेंबरात पानं गळतात, वेल मार्चपर्यंत ठार झोपलेली. छाटणी एकच, थंडीतली. काडी वाकवायची ती मात्र हिवाळ्याच्या शेवटी, रस वर चढू लागला की. कोरड्या थंडीत वाकवलेली काडी कडकन मोडते. हवा दमट असेल त्या सकाळी, डाव्या हाताचा अंगठा दोन डोळ्यांच्या मधे टेकवून, थोडी पिळत पिळत वाकवायची. आतून बारीक तडतड ऐकू येते. तेवढी चालते, किंबहुना हवीच, कारण त्या वाकणात रस थोडा अडतो आणि सगळे डोळे सारखे फुटतात. तडतडीच्या जागी एकच मोठा आवाज आला तर काडी गेली. बांधायला जुने लोक अजून विलोच्या ओल्या फोकाट्या वापरतात. कमरेला जुडी खोचलेली, दोन वेढे, एक पीळ, झालं. प्लास्टिकची पट्टी पुढच्या वर्षी खोडात रुतते, फोकाटी आपोआप कुजून पडते.

नेब्बिओलो फुटतो लवकर आणि पिकतो उशिरा. एप्रिलच्या हिमकडाक्यात कोवळी फूट जळायची भीती, आणि ऑक्टोबरच्या पावसात तयार घड सडायची भीती. दोन्हीकडून पेच. बिएल्लात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो वेल हिरवी असतानाच पडतो. आपल्या चार महिन्यांसारखा एकगठ्ठा पडून मोकळा होत नाही. त्यामुळे केवड्याशी लढाई मे महिन्यापासूनच. युरोपात सगळे सेंद्रिय, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. सेंद्रियवालेही तांबं आणि गंधक मारतातच, आणि ओल्या वर्षात हात आखडता घेतला की बाग हातची जाते. या पावसात लेस्सोना तगतं ते वाळूमुळे: सकाळी मुसळधार झाली तरी दुपारी ओळीत चालता येतं, बूट जड होत नाहीत. काळ्या जमिनीत हा वाण, हा पाऊस, विचारच करू नका.

गारांचं दुखणं दोघांचंही सारखंच. डोंगरावर दुपारी ढग चढतात, संध्याकाळी वीस मिनिटांत खेळ खलास. शेजारच्या टेकडीवर ऊन आणि तुमच्या ओळीत चाळण. जाळ्या लावणारे लावतात, पण जाळीखाली हवा कोंडते, फवारणीला अडचण होते, आणि खर्च आहेच. मोठ्या घराण्यांनी यावर जुना तोडगा काढलेला असतो: मळ्या एका जागी नसतात. सेल्लांचीही लेस्सोनात वेगळी, ब्रामातेर्रात वेगळी. एकीकडे गार पडली तरी दुसरीकडचं हाती राहतं.

मोन्ते रोसाकडून रात्री थंड वारा खाली उतरतो. सप्टेंबरात दुपारी बाही वर सरकवून काम करायचं आणि पहाटे लोकरीचं जाकीट. या फरकामुळे साखर चढत असताना आम्लता टिकते. नाशिकलाही जानेवारीच्या रात्री थंड असतात, पण पुढे फेब्रुवारी-मार्चात दिवस तापत जातात, म्हणजे द्राक्ष वाढत्या उन्हात पिकतं. तिथे ते उतरत्या उन्हात पिकतं. आपल्या लाल वाईनची आम्लता ऐन वेळी ढासळते, त्याचं हे मुख्य कारण. वाण बदलून ते पूर्ण सुटत नाही.

तोडणी कधी, हे ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या मापावर, ठरत नाही. रिफ्रॅक्टोमीटर सगळ्यांच्या खिशात असतो, पण शेवटचा निर्णय बी चावून होतो. मणी तोंडात पिळून बी दातांखाली धरायचं. हिरवट, चिकट, जीभ आवळणारं असेल तर थांबायचं. तपकिरी, भाजल्या दाण्यासारखं कडकन फुटलं की तयार. नेब्बिओलोत टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, मुळातच दांडगं. कच्च्या बियांची वाईन वीस वर्षं ठेवली तरी तोंड आवळतेच.

तळघरातलं काम त्या मानाने साधं आहे, आणि मला तेच आवडतं. द्राक्ष दांड्यांपासून वेगळं करायचं, सालींसकट आंबवायचं, वर आलेली सालींची टोपी रोज भिजवत ठेवायची, मग गाळून मोठ्या ओक पिंपात. पिंप माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून मोठं, वर्षानुवर्षं वापरलेलं, म्हणजे वाईनला लाकडाचा वास लागत नाही, फक्त हळूहळू हवा मिळते. लेस्सोनाला नियमाने किमान २२ महिने मुरवावं लागतं, त्यातले १२ लाकडात. राखीव दर्जाची हवी असेल तर ४६ महिने. तोवर विकायची नाही.

रंग पाहून आपल्याकडचे लोक नाराज होतात. नेब्बिओलो गडद नसतो, पेल्यातून पलीकडची बोटं दिसतात. वासाला वाळलेला गुलाब, संत्र्याची साल, थोडं गंजकं लोखंड. चवीला आंबट, मागाहून तुरट, आणि लेस्सोनाच्या वाईनमध्ये शेवटी जिभेवर खारटपणाची छटा. काही जण ती समुद्राच्या वाळूमुळे म्हणतात. मला ते पटत नाही. वाळूतलं मीठ केव्हाच वाहून गेलं, खारट भासतं ते तीव्र आम्लतेमुळे. वेस्पोलीनाचा वाटा थोडा, पण ओळखू येतो: तिच्यात रोटुंडोन भरपूर असतं, मिऱ्याला जो वास असतो तो याच रेणूचा. जनुकीय तपासणीत ती नेब्बिओलोचीच संतती निघाली. ब्रामातेर्राच्या वाईनमध्ये क्रोआतीना हा वाणही पडतो, म्हणून ती रंगाने गडद आणि अंगाने रांगडी. सेल्लांकडे दोन्ही मिळतात: लेस्सोनाच्या सर्वात जुन्या मळीवरची 'सान सेबास्तिआनो आल्लो झोप्पो', आणि ब्रामातेर्राची 'इ पोर्फिदी'. शेजारी शेजारी ठेवून प्यायलात तर वाळू आणि पोर्फिरी यांतला फरक माझ्या चार परिच्छेदांपेक्षा लवकर कळेल.

घेण्यासारखं काय, हा तुमचा खरा प्रश्न. तुमच्या मुलाला आधी वहीत हे मांडायला सांगा. लाल वाईनची नवी बाग: लागवड, कलम, पहिलं चांगलं पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्यापुढे लेस्सोनासारखं मुरवायचं म्हटलं तर दोन वर्षं. म्हणजे पहिली बाटली विकून पैसा हातात यायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं, आणि तोवर टाक्या, थंडावा, पिंपं, परवाना, मजुरी सगळं चालूच. आपल्याकडे २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर बागायतदारांनी हौसेने वाईनरी काढल्या. २००८-०९ च्या सुमारास मागणी आटली तेव्हा कित्येकांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. वाईन वाईट होती असं नाही. टाकीतला माल दोन वर्षं थोपवून धरायची ताकद नव्हती, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही. सेल्लांना ती ताकद लोकरीने दिली. तुमची लोकर म्हणजे तुमची खाण्याची द्राक्षं आहेत. त्या बागेला हात लावू नका, ती गहाण ठेवून वाईनरी तर मुळीच नको. हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीचा एकर-दीड एकर वाईनच्या वाणाला द्या आणि पहिली काही वर्षं द्राक्ष दुसऱ्या वाईनरीला घाला. सुरुवात शेनिन ब्लाँसारख्या पांढऱ्याने केलीत तर पैसा त्याच वर्षी मोकळा होतो.

दुसरं, वाटण्या. युरोपातही समान वाटणी आहे आणि तिथेही भाऊ भांडतात. या टेकड्यांवर आज कोणाला जुनी मळी पुन्हा लावायची झाली तर झाडं तोडणं सोपं, मालक शोधणं अवघड: अर्ध्या गुंठ्याला तीन वारस, त्यातला एक ब्युनोस आयर्सला. सातबाऱ्यावर पंधरा नावं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. जी घराणी टिकली त्यांनी बहुतेक वेळा जमिनीचे तुकडे न पाडता कंपनी केली आणि वाटणी समभागांची केली. हे एक काम तुम्ही भाऊ-भाऊ बोलते आहात तोवर करून टाका. आधी सनदी लेखापाल, मग वाईनतज्ज्ञ.

आणि घराणंच लागतं असंही नाही. १९९० च्या दशकात क्रिस्टोफ क्युन्झली हा स्विस वाईनव्यापारी याच टेकड्यांवरच्या बोका गावी आला, म्हाताऱ्या मालकाकडून जवळजवळ जंगल झालेली मळी घेतली आणि 'ले पिआने' उभी केली. लेस्सोनातच पाओलो दे मार्की यांनी, तोस्कानात 'इझोले ए ओलेना' चालवून नाव कमावल्यावर, १९९९ मध्ये मुलासोबत घराण्याच्या जुन्या जमिनीकडे परतून 'प्रोप्रिएता स्पेरीनो' पुन्हा सुरू केली. दोघांकडेही येताना दुसरीकडचं उत्पन्न आणि दुसरीकडचे ग्राहक होते, हे मात्र नोंदवून ठेवा.

मुलाला पाठवायचं असेल तर कापणीला पाठवू नका. तिथली नेब्बिओलोची तोडणी ऑक्टोबरात, आणि तेव्हा तुमची फळछाटणी, पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून लेप लावणं), डोळे फुटणं सगळं अंगावर असतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊ दे. तिकडे फुलोरा असतो, काड्या तारांत गुंतवायचं आणि पाला काढायचं काम जोरात असतं, आणि इकडे खरड छाटणीनंतरचा शेंडा मारून झालेला असतो. मिलानो किंवा तोरिनोला उतरून रेल्वेने बिएल्ला, तिथून पुढे गाडी लागते. मळ्या पाहायला आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, न कळवता गेलं तर फाटकावरूनच परत. बुटांची जोडी जुनी न्यावी आणि तिथे मळीत शिरण्याआधी धुऊन घ्यावी. फिलॉक्सेराचा तडाखा खाल्लेल्या भागात दुसऱ्या देशाच्या बागेतली माती बुटाला घेऊन आलेला पाहुणा कोणालाच नको असतो.